चांगली कोण : गाणारी की गाणे?

इंग्रजीचे व्याकरण शिकवण्याचा अधिकार मराठीच्या अध्यापकांना कोणी दिला, असा प्रश्न हे टिपण वाचणाऱ्यांच्या मनात उभा राहील. उत्तर सरळ आहे : कोणीही दिला नाही, तो अंगावर येऊन पडला. धुळ्यासारख्या जिल्ह्याच्या गावी महाविद्यालयात एखाद्या विषयाची जागा रिकामी झाली की ती वर्षानुवर्षे रिकामी राहते; तासिका तत्त्वावर आलेला तरुण सहकारी दिवाळीपर्यंत टिकला तर आपले नशीब म्हणावयाचे. इंग्रजीची जागा अशी रिकामी झाली आणि स्पर्धा परीक्षांच्या मार्गदर्शन वर्गातला इंग्रजी व्याकरणाचा भाग आम्हां दोघांकडे आला. आम्ही दोघेही मराठीत एम. ए. झालेले, चाळिशी ओलांडलेले, पाचवीत गेल्यावर इंग्रजी अक्षरओळख झालेल्या पिढीतले. (महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आले ते २००० साली, तोवर आमची शाळा संपली होती.) आमची अडचण ऐकून प्राचार्य म्हणाले, 'व्याकरण ते व्याकरणच. भाषा कोणती का असेना.' हे वाक्य आम्ही त्या वेळी हसण्यावारी नेले. पुढची दोन वर्षे त्या वाक्यात किती खरे आणि किती खोटे, याचा हिशेब मांडण्यात गेली.

त्या हिशेबातली सर्वांत लांबलेली नोंद विशेषण आणि क्रियाविशेषण यांची आहे. वास्तविक हा धडा अर्ध्या तासाचा. नामाबद्दल अधिक माहिती सांगते ते विशेषण, क्रियेबद्दल सांगते ते क्रियाविशेषण. इंग्रजीत विशेषणाला 'ली' जोडला की क्रियाविशेषण होते. 'स्लो'चे 'स्लोली', 'ब्यूटिफुल'चे 'ब्यूटिफुली'. बाजारात मिळणाऱ्या सगळ्या मार्गदर्शिका एवढ्यावर थांबतात. मुलेही मान डोलावतात. आणि आठवड्याने उत्तरपत्रिका पाहिल्या की निम्म्यांनी 'शी सिंग्ज ब्यूटिफुल' असे लिहिलेले असते आणि उरलेल्या निम्म्यांनी, नियम फार मनावर घेतल्यामुळे, 'शी लुक्स ब्यूटिफुली' असे. पहिल्यांना नियम कळलेला नसतो असे आपण म्हणतो. दुसऱ्यांचे काय म्हणावयाचे? त्यांनी तर नियमच पाळलेला असतो.

या दुसऱ्या प्रकारातला एक विद्यार्थी आमच्या चांगला स्मरणात आहे. साक्री तालुक्यातला. शेतीपंपाची वीज रात्री यावयाची, म्हणून आठवड्यातले काही दिवस तो रात्रभर कांद्याला पाणी भरून सकाळच्या एस. टी.ने धुळ्याला येई. एका खासगी कंपनीत नोकरीसाठी त्याने अर्ज केला, इंग्रजीत, कोणाची मदत न घेता. 'वडिलांच्या शेतात मी कष्टाने काम केले आहे' हे त्याला सांगावयाचे होते. 'वर्क' हे क्रियापद. कष्टाने हे क्रियेचे विशेषण. 'हार्ड'ला 'ली' जोडावयास हवा. त्याने लिहिले : 'आय हॅव वर्क्ड हार्डली इन माय फादर्स फार्म.' मुलाखतीत समोरच्या गृहस्थांनी ते वाक्य मोठ्याने वाचले आणि सगळे हसले. 'म्हणजे काम केलेच नाही म्हणा की!' असे त्यांच्यातले एक जण म्हणाले. नोकरी मिळाली नाही. ती या एका शब्दामुळे गेली असे म्हणण्यास आमच्याजवळ आधार नाही. पण तो परत आला तेव्हा त्याने आम्हांला जे विचारले ते नोकरीबद्दल नव्हते. त्याने विचारले, 'नियम तर पाळला होता ना, सर?'

'अपवाद आहे, पाठ कर' असे सांगून मोकळे होता आले असते. पण ज्याच्या आयुष्यातली सर्वांत खरी गोष्ट एका प्रत्ययाने उलटी करून टाकली त्याला 'अपवाद' हा शब्द फार तोकडा पडतो. म्हणून आम्ही शोधावयास बसलो.

जुन्या इंग्रजीत विशेषणाचे क्रियाविशेषण करण्याची एक रीत शेवटी 'ए' हा स्वर जोडण्याची होती. 'हार्ड' या विशेषणापासून असे एक क्रियाविशेषण झाले. पुढे मध्ययुगीन इंग्रजीत शब्दांच्या शेवटचे असे स्वर उच्चारातून गळाले आणि विशेषण व क्रियाविशेषण दिसावयास एकसारखी झाली. 'ही वर्क्स हार्ड', 'ही रन्स फास्ट' यांतल्या 'हार्ड'ला आणि 'फास्ट'ला प्रत्यय नाही असे आपण म्हणतो; खरे म्हणजे प्रत्यय होता, तो झिजून गेला. आपल्या बोलण्यातून शब्दान्तीचे स्वर कसे झिजतात हे मराठीच्या विद्यार्थ्याला निराळे सांगावयास नको. 'ली'ची कथा वेगळी आहे. त्याचे मूळ 'लिक' या जुन्या शब्दात आहे. त्याचा अर्थ देह, रूप. 'फ्रेंडली' म्हणजे मित्राच्या रूपाचा. म्हणूनच नामाला 'ली' लागला की बहुधा विशेषण होते (फ्रेंडली, ब्रदरली, मदरली, काउअर्डली) आणि विशेषणाला लागला की बहुधा क्रियाविशेषण. ही एवढी जोडओळ आमच्या मार्गदर्शिकांनी छापली असती तरी 'फ्रेंडली'ला क्रियाविशेषण ठरवून गुण घालवणारी कितीतरी मुले वाचली असती. 'डेली' तर दोन्ही घरचा पाहुणा. आमच्याकडे 'डेली अपडाऊन' करणाऱ्यांना तो कोणत्या घरचा हे कोणी विचारू नये.

आता 'हार्डली'. या शब्दाचाही जुना अर्थ जोराने, कठोरपणे असाच होता. मग 'मुश्किलीने', मग 'जेमतेम', आणि शेवटी 'जवळजवळ नाहीच'. हा उतार परका वाटतो का? मराठीतला 'कष्टाने' पाहावा. 'तो कष्टाने शिकला' यात मेहनत आहे. 'म्हातारा कष्टाने उठला' यात मेहनतीपेक्षा असमर्थता आहे. उतरणीची पहिली पायरी आपल्याही शब्दात आहे. इंग्रजी शब्द तळापर्यंत गेला, आपला पहिल्या पायरीवर थांबला, एवढाच फरक. त्या विद्यार्थ्याने 'कष्टाने'साठी 'हार्डली' योजला यात त्याची अक्कल कमी पडली असे म्हणता येत नाही. दोनतीनशे वर्षे आधी जन्मला असता तर कदाचित खपूनही गेले असते, असे आम्ही त्याला म्हणालो. त्यावर तो हसला. पुढच्या अर्जात त्याने 'हार्ड' लिहिले आणि खाली पेन्सिलीने एक बारीक टिंब दिले. गळालेल्या स्वराची जागा, असे त्याने सांगितले. (ते खोडून पाठव, असे आम्ही सांगितले हे वेगळे.)

'ली' अधिक लावणाऱ्यांचे असे झाले. मुळीच न लावणारे मात्र जास्त आहेत आणि त्यांचा प्रश्न आम्हां मराठीवाल्यांच्या अंगणातला आहे. 'शी सिंग्ज गुड' असे मूल का लिहिते? कारण त्याच्या मनात 'ती चांगली गाते' हे वाक्य असते. आणि 'ती चांगली गाते' या वाक्यात 'चांगली' कोण आहे?

शाळेत आपण आठ शब्दजाती शिकवतो. नाम, सर्वनाम, विशेषण, क्रियापद या चार विकारी; क्रियाविशेषण, शब्दयोगी, उभयान्वयी, केवलप्रयोगी ही चार अव्यये, म्हणजे अविकारी. लिंगवचनाने ज्याचे रूप बदलत नाही ते अव्यय. मग 'तो चांगला गातो, ती चांगली गाते, ते चांगले गातात' इथे डोळ्यांदेखत रूप बदलते आहे. म्हणजे 'चांगली' हे विशेषण? पण गाणाऱ्या बाईच्या चांगलेपणाबद्दल तर वाक्य काहीच बोलत नाही. ती शेजारणींशी रोज भांडत असेल. तरीही चांगली गात असेल. अर्थ क्रियेचा, वेष मात्र बाईचा. व्याकरणाची पुस्तके यावर तोडगा म्हणून क्रियाविशेषण निराळे आणि क्रियाविशेषण अव्यय निराळे असा भेद सांगतात. रूप बदलणारे ते सव्यय. तोडगा वाईट नाही. पण सातवीतल्या मुलाला आधी 'क्रियाविशेषण हे अव्यय असते' असे सांगावयाचे आणि मग 'काही अव्यये सव्यय असतात' असे सांगावयाचे, यानंतर त्याचा व्याकरणावरचा विश्वास उडाला तर नवल नाही.

संस्कृतात ही अडचण नव्हती. 'सः मधुरं गायति', 'सा मधुरं गायति'. गाणारा कोणीही असो, क्रियेचे विशेषण नपुंसकलिंगी, एकवचनी, द्वितीयेत. 'मधुरा गायति' म्हटले तर मधुर असलेली कोणी स्त्री गाते आहे, एवढाच अर्थ होईल. विशेषण नामामागे जाते, क्रियाविशेषण जात नाही. दोघांची ओळख या न जाण्यावरून पटते. इंग्रजीत ती 'ली'वरून पटते. मराठीने संस्कृताची ती खूण टाकून दिली आणि दुसरी घेतली नाही. जर्मननेही तेच केले आहे. तिथे 'सुंदर' आणि 'सुंदरपणे' यांना एकच शब्द चालतो. फ्रेंचची तऱ्हा आणखी मौजेची. तिथला क्रियाविशेषणाचा प्रत्यय लॅटिनमधल्या 'मनाने' या अर्थाच्या शब्दापासून आलेला आहे, आणि लॅटिनमध्ये मन स्त्रीलिंगी. म्हणून एखादा पुरुष हळू चालत असला तरी फ्रेंच भाषा 'हळू'चे स्त्रीलिंगी रूप घेऊन त्याला तो प्रत्यय जोडते. इंग्रजीच्या क्रियाविशेषणात देह दडलेला, फ्रेंचच्या क्रियाविशेषणात मन! आणि मराठीच्या क्रियाविशेषणात खुद्द गाणारी बाई.

पण खरोखर बाईच का? आम्ही फळ्यावर वाक्ये मांडून पाहिली. 'तिने अभंग चांगला म्हटला. तिने कविता चांगली म्हटली. तिने गाणे चांगले म्हटले.' म्हणणारी एकच, पण 'चांगला' आता कर्मामागे गेला. 'आईने मुलीला चांगले झोडपले.' इथे तो ना आईचा ना मुलीचा. नपुंसकलिंगी, एकवचनी, अगदी संस्कृतातल्यासारखा. म्हणजे कर्तरी प्रयोगात कर्त्याबरोबर, कर्मणीत कर्माबरोबर, भावे प्रयोगात कोणाहीबरोबर नाही. क्रियापद जिकडे जाते तिकडे हा जातो! आम्हांला मोठा आनंद झाला. 'चांगली' ही बाईची दासी नसून क्रियापदाची सावली आहे. बाईचे लिंग तिला क्रियापदाच्या मार्फत मिळते. म्हणून ते क्रियाविशेषणच. सिद्धान्त सुटसुटीत होता आणि आम्ही तो वर्गात थाटाने मांडला.

मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, 'सर, आमना गावमा तो बी गास, ती बी गास.' वर्गात हशा पिकला, कारण वर्गात अहिराणी बोलणे अजून थोडे धीटपणाचे समजले जाते. पण ती थट्टा करीत नव्हती. अहिराणीत वर्तमानकाळी क्रियापदाला लिंगभेद नाही. 'तो गास', 'ती गास'. (भूतकाळात आहे : 'तो उना', 'ती उनी'.) आणि तरीही घरी ती 'पोऱ्या चांगला गास, पोर चांगली गास' असेच म्हणते. क्रियापदावर स्त्रीलिंगाची खूणच नसेल तर सावली स्त्रीलिंगी कशी पडेल?

सिद्धान्ताला भोक पडले ते पडलेच. मग लक्षात आले की त्यासाठी अहिराणीपर्यंत जाण्याचीही गरज नव्हती. प्रमाण मराठीत 'तो गाईल', 'ती गाईल' असे भविष्यकाळी एकच रूप आहे, आणि आपण 'ती चांगली गाईल' असेच म्हणतो. आज्ञार्थातही तेच : 'उभा राहा', 'उभी राहा'. मात्र हे आम्हांला मराठीने दाखवले नाही, अहिराणीने दाखवले, आणि ते स्वाभाविक आहे. मराठीत लिंगाची खूण क्रियापद आणि 'चांगली' दोघांवरही असल्यामुळे कोणाची कोणावरून आली हे कळत नाही. अहिराणीच्या वर्तमानकाळात क्रियापद गप्प असते, त्यामुळे 'चांगली'चे नाते थेट गाणारीशी आहे हे उघडे पडते. म्हणजे सावली क्रियापदाची नाही. क्रियापद ज्याच्याकडे पाहते, किंवा डोळे असते तर पाहिले असते, त्या नामाकडे हा शब्दही पाहतो. भावे प्रयोगात पाहण्याजोगे कोणी नाही, म्हणून तो नपुंसकात उभा राहतो.

ग्रिअर्सनने आपल्या भाषिक सर्वेक्षणात खानदेशीची गणना मराठीच्या खंडात केली नाही. १९०७ साली प्रसिद्ध झालेल्या नवव्या खंडाच्या तिसऱ्या भागात भिल्ली बोलींच्या शेजारी ती मांडली. त्यावरून इथे अजूनही वाद होतात आणि अभिमानाच्या भाषणांत ग्रिअर्सनला सोयीप्रमाणे शिव्या किंवा ओव्या मिळतात. आम्हांला त्या वादात पडावयाचे नाही. पण ज्या गावात इतिहासाचार्य राजवाडे यांनी १९२६ च्या डिसेंबरात अखेरचा श्वास घेतला, जिथे त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ १९२७ पासून उभे आहे, त्या गावात वर्गातल्या बोलीकडे मराठी व्याकरणाचा पुरावा म्हणून पाहण्याची सवय आम्हां अध्यापकांना असावयास हवी होती. राजवाड्यांनी ज्ञानेश्वरीच्या भाषेचे व्याकरण लिहिले ते पोथीतली रूपे मोजून. आमच्यासमोर साठ जिवंत पोथ्या बसतात.

त्याच बोलीत 'बेस' हा शब्द आहे, आणि तो अगदी निर्विकार आहे. 'पोऱ्या बेस गास, पोर बेस गास.' 'बेस मानूस' म्हटले की तोच विशेषण. प्रमाण मराठीत 'सुंदर', 'गोड', 'छान', 'सरळ' हे शब्द असेच. आकारान्त नसलेली आपली बहुतेक विशेषणे लिंगाने बदलत नाहीत. त्यामुळे तिथे रूपावरून काहीच कळत नाही, जागेवरून कळते. 'ती सुंदर मुलगी गाते' आणि 'ती मुलगी सुंदर गाते'. शब्द तेच, 'सुंदर' एक घर पुढे सरकला आणि मुलीचा होता तो गाण्याचा झाला. मराठी मूल हे पाचव्या वर्षी बिनचूक करते. त्याला विशेषण आणि क्रियाविशेषण यांतला भेद कळत नाही हे म्हणणे म्हणूनच खोटे आहे. त्याला तो भेद जागेने दाखवण्याची सवय आहे, आणि इंग्रजी त्याच्याकडे तो रूपाने मागते. 'शी सिंग्ज ब्यूटिफुल' लिहिताना त्याने 'ब्यूटिफुल' योग्य जागी, क्रियापदाला लागूनच ठेवलेला असतो. त्याच्या हिशेबी काम झालेले असते.

हे कळल्यावर शिकवण्याची रीत थोडी बदलली. 'कसे?' असा प्रश्न विचारा, उत्तर येईल ते क्रियाविशेषण, ही शाळेतली युक्ती आम्ही सोडून दिली. 'ती कशी गाते?', 'ती कशी दिसते?', 'ती कशी आहे?' तिन्ही ठिकाणी 'कशी'च. आणि 'कशी' स्वतःच लिंगाने बदलणारी, ती दुसऱ्याची ओळख काय पटवणार? त्याऐवजी आम्ही क्रियापदाच्या जागी 'आहे' ठेवून पाहावयास सांगतो. 'शेवभाजी तिखट लागते' : 'शेवभाजी तिखट आहे' म्हटले तर बोलणे तिथेच राहते. तिखटपणा भाजीचा, इंग्रजीत 'ली' नको. 'ती सुंदर दिसते' : 'ती सुंदर आहे', चालते, म्हणून 'लुक्स ब्यूटिफुल'. 'ती सुंदर गाते' : 'ती सुंदर आहे' म्हटले की भलतेच बोलणे झाले, म्हणून 'सिंग्ज ब्यूटिफुली'. 'त्याने रागाने पाहिले' : 'तो राग आहे' हे वाक्यच नव्हे. युक्ती सगळीकडे चालत नाही, पण ती मुलांच्या स्वतःच्या कानावर चालते, आणि कान त्यांचे पक्के आहेत. दिसणे, लागणे, वाटणे, होणे अशा क्रियापदांना आपले व्याकरण विधानपूरक मागते, इंग्रजीतली ही क्रियापदेही तेच मागतात. प्राचार्यांचे वाक्य इथे खरे ठरते.

आठ शब्दजातींची ही चौकट आपण घेतली कोठून, हा प्रश्न मराठीच्या अध्यापकांना नवा नाही. दादोबा पांडुरंग यांचे व्याकरण १८३६ चे. त्याची आखणी इंग्रजी व्याकरणाच्या वळणाची. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी त्यावर निबंध लिहिले, मोरो केशव दामले यांनी १९११ साली 'शास्त्रीय मराठी व्याकरण' सिद्ध केले, आणि तरी शाळेच्या पुस्तकात चौकट तीच राहिली. 'क्रियाविशेषण' हा शब्द संस्कृत परंपरेतला, त्याला दिलेला खण इंग्रजीच्या कपाटातला, आणि त्यात ठेवायचा माल मराठीचा. मग 'चांगली' त्या खणात मावत नाही म्हणून आपण 'चांगली'ला दोष देतो. आता त्याच मराठी खणाच्या आधाराने आपण मुलांना परत इंग्रजी शिकवतो, हा या कथेतला खरा विनोद.

उलट बाजूने होणारी लागण अधिक चिंतेची आहे. अनुवादाच्या उत्तरपत्रिकांत 'ती सुंदरपणे गाते' हे वाक्य आता नित्याचे झाले आहे. प्रत्येक 'ली'साठी एक 'पणे' किंवा 'रीत्या', असे मुलांनी ठरवून टाकले आहे. वर्तमानपत्रांत शस्त्रक्रिया 'यशस्वीरीत्या' पार पडतात (अयशस्वीरीत्या पार पडलेली अद्याप वाचनात नाही), पुढारी 'स्पष्टपणे' स्पष्ट करतात. 'पणे' मराठीचाच आहे, 'प्रामाणिकपणे' हा काही परका शब्द नव्हे. पण 'गोड गाते', 'स्वच्छ लिहितो', 'सरळ बोलली' ही वाक्ये अपुरी वाटू लागणे हे इंग्रजी खणाचे माप आपल्या कानात बसल्याचे लक्षण आहे. बोलण्यात मात्र मराठीने स्वतःची रीत सोडलेली नाही. आपण 'फास्ट चालव', 'क्लिअर बोल', 'परफेक्ट लिहिलंस' म्हणतो. इंग्रजी विशेषण उचलतो आणि त्याला 'ली' न लावता, मराठी शब्दासारखेच, क्रियापदाशेजारी बसवतो. 'ली'वाले शब्द घेतले ते बहुधा वाक्याच्या उंबरठ्यावरचे : 'अ‍ॅक्च्युअली', 'बेसिकली', 'नॉर्मली'. ते क्रियेची रीत सांगत नाहीत, बोलणाऱ्याचा पवित्रा सांगतात. 'सिरियसली घे' एवढा एक आत शिरला आहे. कोणते इंग्रजी शब्द घरात घ्यावयाचे आणि कोणते ओसरीवर बसवावयाचे हे बोलणाऱ्यांनी कोणत्याही व्याकरणकाराला न विचारता ठरवले आहे.

साहित्याच्या वर्गात हा प्रश्न आणखी एका ठिकाणी अडतो, आणि तिथे आम्हां दोघांत मतभेद आहे. 'तिने चांगली कविता लिहिली' या वाक्यात चांगुलपणा कवितेचा, यात शंका नाही. पण 'तिने कविता चांगली लिहिली'? 'तिने मिरची कच्ची खाल्ली' यात कच्ची मिरचीच, खाणे नव्हे. इंग्रजीही इथे विशेषणच ठेवते. 'तिने कविता चांगली म्हटली' यात चांगले म्हणणे. कविता कोणा तिसऱ्याची आणि सामान्यही असू शकेल. 'लिहिली' या दोहोंच्या मध्ये अडकते, कारण लिहिण्यातून कविता उत्पन्नच होते. इंग्रजी समीक्षकाला निवड करावी लागते : 'अ गुड पोएम' म्हणावयाचे की 'वेल रिटन' म्हणावयाचे, आणि दुसऱ्या शब्दप्रयोगात पुष्कळदा पहिल्याचा नकार दडलेला असतो, हे परीक्षणे वाचणाऱ्यांना ठाऊक आहे. मराठी समीक्षकाला निवड टाळता येते.

आमच्यापैकी एकाचे म्हणणे असे की ही मराठीची समृद्धी आहे. कृती आणि निर्मिती यांतली भिंत ज्या भाषेने बांधली नाही तिच्यात कवितेविषयी अधिक खरे बोलता येते. दुसऱ्याचे म्हणणे असे की यामुळेच आपली परीक्षणे इतकी गुळमुळीत होतात. 'कादंबरी चांगली लिहिली आहे' एवढे म्हणून लेखक, लेखन आणि ग्रंथ या तिघांनाही एकाच वेळी खूश करता येते. 'आहे'ची युक्ती इथे चालते, पण निर्णय देत नाही : 'कविता चांगली आहे' म्हटले तर बोलणे तिथेच राहिले की सरकले, यावरच वाद आहे. मागच्या बाकावरच्या त्या मुलीला विचारले. ती आता एम. ए.च्या पहिल्या वर्षाला आहे. तिने वाक्य अहिराणीत करून पाहिले, दोनदा पुटपुटले, आणि 'चांगली'च्या जागी 'बेस' घातले तर काय होते ते घरी आजीला विचारून सांगते म्हणाली.